आधी पाया, मग पॉवर! घरच्या गॅरेजमधलं जपानी इंजिन धंद्याबद्दल काय शिकवतं?



"सर, जाहिरातीचं बजेट दुप्पट केलं तर सेल दुप्पट होईल ना?" हा प्रश्न आपल्या चॅनेलवर सतत येतो. आज याचं उत्तर मार्केटिंगच्या पुस्तकातून न देता एका गाडीच्या बॉनेटखालून देणार आहे. गाडी आहे निसान स्कायलाइन जीटी-आर, मॉडेल आर३२. जपानमध्ये १९८९ साली बाजारात आलेली ही गाडी आज जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतले हौशी लोक आपल्या घरच्या गॅरेजमध्ये उघडून बसतात, तिची ताकद वाढवतात. काहींची गाडी पुढे अनेक वर्षं मजेत पळते, तर काहींचं इंजिन पहिल्याच मोसमात भंगारात जातं.

दोघांची गाडी तीच, इंजिन तेच. मग फरक पडतो कुठे? बहुतेक वेळा कामाच्या क्रमात. कोणतं काम आधी केलं आणि कोणतं नंतर, यावर सगळा खेळ असतो. धंद्याचंही अगदी तसंच आहे. गाडीची आवड नसली तरी शेवटपर्यंत वाचा, कारण आज थोडं गणितही करायचं आहे.

आधी गाडीची ओळख

या गाडीत आरबी२६डीईटीटी नावाचं इंजिन आहे. २५६८ सीसी, एका रांगेत सहा सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड आणि दोन टर्बो. टर्बो म्हणजे काय, तर सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद.

कागदावर या इंजिनाची ताकद २८० हॉर्सपॉवर होती. हा आकडा गमतीशीर आहे. त्या काळात जपानी कार कंपन्यांनी आपसात एक अलिखित समजूत केली होती की देशात विकायच्या गाडीची ताकद २८० च्या वर दाखवायची नाही. १९८९ पासून २००४ पर्यंत ती पाळली गेली. पण निसानने हे इंजिन बनवलं होतं ग्रुप ए रेसिंग डोळ्यांसमोर ठेवून. रेसमध्ये याहून कितीतरी जास्त ताकद काढायची असल्यामुळे ब्लॉक मुळातच दणकट ठेवला होता. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार वर्षांत आर३२ ने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या.

म्हणजे कारखान्याने या इंजिनात क्षमता राखून ठेवली होती. आणि राखून ठेवलेली क्षमता दिसली की माणसाचा हात शिवशिवतोच!

फुकटची पॉवर

या गाडीत टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, ठरवणारी एक रबरी नळी आहे. तिच्या आत हवेची वाट अरुंद करणारा छोटासा रिस्ट्रिक्टर बसवलेला असतो. तो असतो तेव्हा बूस्ट साधारण ०.७ बारवर राहतो. तो काढून टाकला की बूस्ट १ बारच्या आसपास जातो. काम पाच-दहा मिनिटांचं, खर्च शून्य.

फायदा किती होतो ते बघू. बाहेरच्या हवेचा दाब १ बार धरा. आधी इंजिनात एकूण १.७ बार जात होतं, आता २ बार जातं. २ भागिले १.७ म्हणजे साधारण १.१८, म्हणजे हवा १८ टक्क्यांनी वाढली. ढोबळ हिशोबाने २८० चे ३३० हॉर्सपॉवर झाले. एक पैसा न घालता ५० हॉर्सपॉवर!

आता दुसरी बाजू. या गाडीच्या मूळ टर्बोमधलं धुराकडचं चाक सिरॅमिकचं आहे. सिरॅमिक हलकं असतं, त्यामुळे टर्बो पटकन वेग घेतो. पण ते ठिसूळही असतं. बूस्ट १ बारच्या वर ढकलला, त्यात उष्णता वाढली, की ते चाक दांड्यावरून तुटून सुटू शकतं. टर्बो गेलाच समजा, आणि तुकडे इंजिनाकडे गेले तर खर्च कुठे थांबेल ते सांगता येत नाही. खुद्द निसानने रेसिंगसाठी काढलेल्या एन१ आवृत्तीत सिरॅमिक सोडून धातूची चाकं घातली होती, यावरून काय ते समजा.

मित्रांनो, फुकट मिळालेल्या वाढीचं बिल नेहमी नंतर येतं, आणि ते भलत्याच खात्यावर येतं. बूस्ट वाढवला नळीत, पण मोडलं टर्बोचं चाक.

पायरी १: आधी मोजा, मग पाना हातात घ्या

जाणकार माणूस नवीन पार्ट मागवण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करतो. इंजिन गरम करायचं, पेट्रोल आणि ठिणगी बंद ठेवायची, सहाही स्पार्क प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून दाब लिहून घ्यायचा. सहा आकडे मिळतात. ते एकमेकांच्या जवळ असले, फरक साधारण १० टक्क्यांच्या आत असला, तर पुढे जाता येतं.

एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा टेस्ट घ्यायची. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही वाढला, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधायचा. किती साधी युक्ती आहे बघा! चमचाभर तेलात कळतं की रोग वर आहे की खाली.

तीस-पस्तीस वर्षं जुन्या गाडीच्या झिजलेल्या इंजिनावर बूस्ट वाढवणं म्हणजे तोट्यातल्या दुकानाची दुसरी शाखा उघडण्यासारखं आहे. पहिल्या शाखेत जे गळतंय, तेच दुसरीत दुपटीने गळणार.

पायरी २: कंटाळवाणी कामं आधी

मोजमाप बरं आलं की मग येतात दिसायला काहीच नसलेली कामं. टायमिंग बेल्ट बदलणं, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. वॉटर पंप, रेडिएटर, कडक झालेले रबरी पाइप, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, पेट्रोल फिल्टर. शिवाय इंटरकूलरच्या पाइपांमध्ये कुठे हवा गळत नाही ना, ते तपासणं.

यातल्या एकाही कामाने ताकद वाढत नाही. मित्रांना दाखवण्यासारखं, फोटो काढण्यासारखं यात काहीच नसतं. म्हणूनच लोक ही पायरी गाळतात आणि थेट मोठा एक्झॉस्ट मागवतात. धंद्यात याच पायरीला हिशोबाच्या वह्या, जीएसटीचं रिटर्न, स्टॉकची मोजणी आणि उधारीची यादी म्हणतात!

घरी काम करताना एक नियम पक्का. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही, जॅक स्टँड लावायचेच. पेट्रोलची लाइन सोडण्याआधी तिच्यातला दाब उतरवायचा, आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. जीव गेला तर ना इंजिन उरतं, ना धंदा.

पायरी ३: पुरवठा पुरेल का? कागदावर गणित मांडा

हवा वाढली तर पेट्रोलही त्या प्रमाणात वाढायला हवं. साध्या चालीत १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण चालतं. पण टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना हे प्रमाण साधारण ११.५ ते १२ वर आणावं लागतं. जास्तीचं पेट्रोल आतलं तापमान खाली ठेवतं. ते कमी पडलं की मिश्रण वेळेआधी, नको तिथे भडकतं. याला नॉकिंग म्हणतात. जोरात नॉकिंग झालं तर काही सेकंदांत पिस्टन फुटू शकतो.

आता हिशोब. या गाडीत सहा इंजेक्टर आहेत, प्रत्येकी मिनिटाला साधारण ४४० सीसी पेट्रोल देणारे. म्हणजे एकूण २६४० सीसी. पण इंजेक्टर शंभर टक्के उघडे ठेवून चालवायचे नसतात, ८० टक्के ही सुरक्षित मर्यादा. उरले २११२ सीसी. पेट्रोलचं वजन लिटरला साधारण ७४० ग्रॅम धरलं तर तासाला सुमारे ९४ किलो पेट्रोल झालं. टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना दर हॉर्सपॉवरला तासाला ढोबळ २७० ग्रॅम पेट्रोल खातं. ९४ किलोला त्याने भागलं की येतात साधारण ३४५ हॉर्सपॉवर.

म्हणजे फुकटच्या युक्तीने आपण ३३० ला पोचलो, आणि कारखान्याच्या इंजेक्टरांची सुरक्षित हद्द आहे ३४५ च्या आसपास. शिल्लक जागा जवळजवळ संपली! ज्याला ४०० किंवा ५०० हॉर्सपॉवर हवेत, त्याला टर्बोआधी मोठे इंजेक्टर, मोठा पेट्रोल पंप आणि नव्याने मांडलेला ईसीयूचा प्रोग्रॅम यांचं बजेट काढावं लागतं. हे गणित करायला पाच मिनिटं लागतात. न केल्यास एक इंजिन लागतं.

बाजार बदलला की हेच गणित पुन्हा करावं लागतं. या गाडीचा मूळ प्रोग्रॅम जपानच्या हाय-ऑक्टेन पेट्रोलसाठी बनवलेला, जे तिथे साधारण १०० रॉनचं मिळतं. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी गाड्या आणायला सूट आहे, म्हणून २०१४ पासून आर३२ तिथे जाऊ लागल्या. पण कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी पंपावर मिळतं ते ९१ चं पेट्रोल. तिथली मोजायची पद्धत वेगळी आहे, जपानी मोजमापात ते साधारण ९५-९६ भरतं. जपानमध्ये निवांत चालणारी सेटिंग तिथे नॉकिंग करू शकते. एका शहरात चाललेला धंदा जसाच्या तसा दुसऱ्या शहरात नेणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं.

पायरी ४: सगळ्यात कच्चा दुवा कुठला?

आरबी२६ चा ब्लॉक दणकट, हे आपण पाहिलं. पण सुरुवातीच्या आर३२ मध्ये एक कच्ची जागा आहे. ऑइल पंप फिरतो क्रँकशाफ्टच्या टोकावर, आणि तिथे पंपाच्या गिअरला धरणारी पकड फारच अरुंद आहे. इंजिन वारंवार कमाल आरपीएमला आपटलं तर पंपाचा गिअर तडकू शकतो. ऑइलचा दाब गेला की बेअरिंग कोरडी पडतात आणि सगळं इंजिन जातं. पुढच्या काळात निसानने ही पकड रुंद केली.

यावर उपाय आहे. क्रँकशाफ्टच्या टोकावर रुंद कॉलर बसवून घ्यायची आणि जास्त मजबूत पंप लावायचा. पण त्यासाठी क्रँकशाफ्ट बाहेर काढावा लागतो. म्हणून शहाणा माणूस ठरवतो की इंजिन एकदा उघडलंच आहे, तर हे काम आत्ताच.

तुमच्या धंद्यातला ऑइल पंप कोण? सगळे दर तोंडपाठ असलेला एकच कारागीर? एकच सप्लायर? ६० टक्के माल घेणारं एकच गिऱ्हाईक? सगळं सुरळीत असताना तो दिसत नाही. तुटतो मात्र बरोबर सीझनच्या ऐन गर्दीत.

पायरी ५: घरी काय करायचं, बाहेर काय द्यायचं

घरच्या गॅरेजमध्ये खूप काही होतं. पार्ट काढणं, साफ करणं, खुणा करून डब्यात ठेवणं, टॉर्क रेंचने ठरलेल्या ताकदीने बोल्ट आवळणं, पाइप आणि सेन्सर बसवणं. पण सिलिंडर बोअर करणं, हेड सपाट करणं, क्रँकशाफ्टवर कॉलर चढवणं ही मशीनशॉपची कामं आहेत. आणि ईसीयूचा प्रोग्रॅम डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, जाणत्या ट्यूनरकडून मांडून घ्यावा. चांगले पार्ट आणि चुकीचा प्रोग्रॅम या जोडीत चांगले पार्टच मरतात.

आणि एका वेळी एकच बदल. बूस्ट, इंजेक्टर आणि प्रोग्रॅम एकाच दिवशी बदलले आणि गाडी बिघडली, तर दोष कोणाचा ते कळतच नाही. बदल करा, मोजा, लिहा, मगच पुढचा. भाव, पॅकिंग आणि जाहिरात एकाच आठवड्यात बदलणाऱ्यांनो, ऐकताय ना?

यातून धंदा कोणी केला?

आता आपल्या कामाची गोष्ट. १९७३ साली यामाहा मोटरमधले माजी इंजिनिअर हिरोयुकी हासेगावा यांनी गोइची कितागावा यांच्यासोबत, सिग्मा ऑटोमोटिव्हच्या भांडवलावर एक छोटं काम सुरू केलं. जागा कुठली, तर फुजी पर्वताच्या पायथ्याशी गाई-गुरांच्या फार्मवरची. हासेगावाचा एच, कितागावाचा के, सिग्माचा एस. झाली कंपनी एचकेएस! पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्यांनी प्रवासी गाड्यांसाठी टर्बो किट बाजारात आणलं. आज इंजिन ट्यूनिंगच्या जगात हे नाव सगळ्यांना माहीत आहे.

यात आपण घ्यायचं ते हे. त्यांनी नुसता टर्बो विकला नाही. पेट्रोलचं प्रमाण सांभाळणारा एफ-कॉन, बूस्ट काबूत ठेवणारा ईव्हीसी अशीही उत्पादनं काढली. गिऱ्हाइकाला ताकद हवी असते. पण ताकद घेतल्यावर इंजिन जगवायला जे जे लागतं, ते सगळं विकण्यात खरा धंदा आहे.

दुसरं उदाहरण निसानचंच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये निस्मोने आर३२ जीटी-आरसाठी बंद झालेले पार्ट पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली. गाडी बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झालेली, तरी गिऱ्हाईक आहे. जुनी वस्तू चालू ठेवणं हीसुद्धा मोठी बाजारपेठ असते, मग ती गाडी असो, शिलाई मशीन असो की पिठाची गिरणी.

एक सावधगिरी

हे वाचून "मीही गाड्या मॉडिफाय करायचं गॅरेज टाकतो" असं कोणाच्या मनात आलं असेल, तर थांबा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून दूर जाणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जपानमध्येही गाडीला ठरावीक मुदतीने 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी पास करावी लागते. त्यामुळे दुरुस्ती, जुन्या इंजिनांचं पुनरुज्जीवन, तपासणी, मशीनशॉपची कामं, ट्रॅकवरच्या रेसिंग गाड्या असे कायदेशीर रस्ते शोधा. आणि पैसे गुंतवण्याआधी आरटीओत जाऊन विचारा.

आता तुमच्या धंद्याचं इंजिन उघडा

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा महिन्याचा सेल २ लाख आहे, त्यामागे मालाचा आणि मजुरीचा खर्च दीड लाख. दुकानदार पैसे देतात ४५ दिवसांनी. म्हणजे दीड महिन्याचा खर्च, सव्वादोन लाख रुपये, कायम बाजारात अडकलेला असतो. जाहिरात वाढवली, सेल झाला ४ लाख, खर्च झाला ३ लाख. आता अडकणार साडेचार लाख. हे जास्तीचे सव्वादोन लाख कुठून आणणार? नफा कागदावर दिसतो, पण सप्लायर रोख मागतो.

हेच ते इंजेक्टर! जाहिरात म्हणजे बूस्ट, खेळतं भांडवल म्हणजे पेट्रोल. हवा दुप्पट, पेट्रोल तेवढंच, मग नॉकिंग होणारच. ऑर्डर आहेत, गिऱ्हाईक खूश आहे आणि धंदा बंद पडतो, असं म्हणूनच घडतं.

आजचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या आणि या चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. माझी कॉम्प्रेशन टेस्ट: गेल्या सहा महिन्यांचा नफा, महिन्यागणिक. सहा आकडे. त्यातला कोणता महिना कमी पडला, आणि का?

२. माझे इंजेक्टर: आजच्या भांडवलात जास्तीत जास्त किती सेल झेपेल? त्याच्या ८० टक्क्यांवर रेघ मारा.

३. माझा ऑइल पंप: कोणता एक माणूस, सप्लायर किंवा मशीन बंद पडलं तर सगळं थांबेल?

४. पुढच्या महिन्यात मी कोणता एकच बदल करणार, आणि तो कशाने मोजणार?

चारही उत्तरं लिहून झाली की मगच जाहिरातीचं बटण दाबा. उत्तर क्रमांक २ चा आकडा कमेंटमध्ये टाका, कसा काढला तेही लिहा. हिशोब चुकला असेल तर पुढच्या व्हिडिओत मिळून दुरुस्त करू.

भेटू लवकरच. तोपर्यंत मोजत राहा, वाढत राहा!